तलवार, कुऱ्हाड की गदा

जगात निर्णय घ्यायला सर्वांत जास्त वेळ लावणारा माणूस निफाडला राहतो आणि तो नेमका माझा साडू आहे. साडूभाऊंची द्राक्षबाग आहे. छाटणीची कात्री घ्यायला गेले की दुकानदाराच्या ओळखीवर चार कात्र्या घरी आणतात, चारही वेलीवर चालवून बघतात आणि शेवटी जुन्याच कात्रीला धार लावून घेतात. अशा माणसाला मी ड्रॅगन मारायचा व्हिडिओ गेम शिकवला, ही चूक सर्वस्वी माझी.

एकाच टीव्हीसमोर बसून दोघांनी खेळायचा गेम. दर रविवारी जेवणं झाली की मी नाशिकहून त्यांच्याकडे हजर. मी मांत्रिक. मागे उभं राहून मंत्र टाकायचे. अंगात जीव इतका बेताचा की एका फटक्यात आडवा. साडूभाऊ योद्धे, पुढे होऊन भिडणारे. शेवटचा ड्रॅगन तेवढा उरला होता आणि मेअखेर माझी नागपूरला बदली व्हायची होती. त्याआधी तो मारायचाच, एवढीच माझी इच्छा. पण साडूभाऊंचं हत्यार ठरेना! तलवार, कुऱ्हाड की गदा? तलवारीऐवजी कोयता घेऊन त्यांनी बांधावरचं गवत कापलं, कुऱ्हाडीने बाभळीचा ओंडका फोडला, मिनिटाला किती घाव बसतात ते मोबाइलवर मोजून वहीत लिहिलं. गदेसाठी कपडे धुवायचं धोपाटणं उचललं, तेव्हा पाण्याच्या पिंपाला पोचा आला. "यांचं लय झालंय," मेव्हणीबाई मला म्हणाल्या, "आन् हे खूळ तुम्हीच आणलंय." असे चार रविवार गेले. माझं डोकं फिरायची वेळ आली.

शेवटच्या रविवारी त्यांनी वही मिटली आणि निवडली काय, तर सगळ्यात आखूड तलवार आणि एक ढाल! मी भडकलो. "अहो, महिनाभर मोजमाप करून हे? कुऱ्हाडीचा घाव हिच्या तिप्पट बसतो!"

"बसतो ना," साडूभाऊ शांतपणे म्हणाले. "पण कुऱ्हाडीला दोन्ही हात लागत्यात. गदेलाबी. मंग ढाल कुठं धरू? तुम्ही मागं उभे राहता, तुम्हाला कोण झाकणार?"

मी माझा मांत्रिक त्यांच्या ढालीमागे नेऊन उभा केला. त्या आखूड तलवारीने ड्रॅगन मारायला अख्खी दुपार गेली, चहा दोनदा गार झाला. पण आगीचा एकही लोळ माझ्यापर्यंत आला नाही.

आता नागपुरात मी एकटाच खेळतो. परवा मुद्दाम योद्धा झालो, सगळ्यात मोठी कुऱ्हाड घेतली. तोच ड्रॅगन पाच मिनिटांत पडला. मजा मात्र काही आली नाही. त्यांची फार आठवण आली, म्हणून निफाडला फोन लावला.

"जरा घाईत हे, साडूभाऊ," पलीकडून त्यांचा आवाज आला. "चार कात्र्या आणल्यात. कोणती ठेवू, कळंना."

"सावकाश बघा," मी म्हणालो. "मी फोन धरून ठेवतो."