उठण्याआधी सांगायचं

लॉकडाऊनमध्ये आयर्लंडमधल्या ओंगारजवळच्या कालव्याकाठी मी रोज एका बाकावर बसायचो. बाकाचे कडेचे पाय मोडलेले, सगळा तोल मधल्या पायांवर. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला एक आयरिश म्हातारा, मध्ये सरकारी दोन मीटर. नावं विचारायची राहूनच गेली. उठण्याआधी तो हात वर करून ओरडायचा, "उठतोय हं!" की मी पाय रोवायचो.

"एवढी कसली सभ्यता?" एकदा मी विचारलंच.

"सभ्यता कसली! बोलपट नवे होते तेव्हा माझे आजोबा हॉलिवूडमध्ये कॅमेऱ्याच्या क्रेनवर कामाला होते. वरच्या टोकाला कॅमेरावाला, मागच्या टोकाला आजोबा, त्याच्या वजनाइतकं शिसं चढवत. तो भरपेट जेवून आला की आणखी एक वजन!" म्हातारा खो खो हसला. "पण तो न सांगता उतरला, तर मागचं टोक थेट आजोबांच्या पायावर. म्हणून आमच्या घरात सांगितल्याशिवाय कोणी उठत नाही."

पुढे मला दूरच्या गावी, शॅननला नोकरी लागली. पॅकिंग केलं, सगळ्यांना फोन केले, निघालो. अर्ध्या वाटेत आठवलं, बाकावरून मी न सांगताच उठलो होतो.