सोआवेसाठी राखलेली जीभ

माझ्या सासऱ्यांना इटलीतल्या द्राक्षांची नावं पाठ होती. आमच्या गावापासून सगळ्यात जवळचा द्राक्षाचा वेल कुठे होता, हे मात्र मला आजही सांगता येणार नाही. चांद्याच्या बाजारात कधीमधी द्राक्षं येतात असं आम्ही ऐकून होतो. गावात ती कुणी पाहिलेली नव्हती, मामांनीसुद्धा नाही.

मामा म्हणजेच सासरे. आमच्या गोंडांत बहिणीची मुलगी भावाच्या घरी सून म्हणून द्यायची रीत आहे, तशी मी सख्ख्या मामाच्या घरी गेले. त्यांचं वेड मला लहानपणापासून ठाऊक होतं आणि तेव्हा त्याची मजाही वाटायची. पण लांबच्या घरातलं वेड मजेचं असतं. तेच आपल्या घरात आलं की त्याला दोन वेळा जेवू घालावं लागतं, शिवाय त्याचं ऐकून घ्यावं लागतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात जंगलखात्याच्या कुण्या साहेबाने मामांना लाकूडफाट्याच्या कामावर भोपाळकडे नेलं होतं. तिथे इटलीच्या कैदी सैनिकांचा मोठा तळ होता. मामा त्यांच्या भटारखान्याला जळण फोडून द्यायचे. भटारखान्यात काम करणाऱ्या एका कैद्याशी त्यांची गट्टी जमली. तो वेरोना नावाच्या शहराजवळचा, सोआवे नावाच्या गावाच्या डोंगरावरचा. दोघांचीही हिंदी अर्धीकच्ची. मामांनी त्याला मोहाबद्दल सांगितलं, त्याने मामांना त्याच्या डोंगरावरच्या पांढऱ्या दारूबद्दल सांगितलं, आणि सगळी लढाई या दोघांनी अशी बोलण्यात काढली.

मामा परत आले तेव्हा मामी नव्हती. ती मधल्या काळात तापाने गेली होती आणि निरोप पोचलाच नव्हता. दोन्ही लेकरं, म्हणजे माझा नवरा आणि माझी नणंद, माझ्या आईजवळ वाढत होती. मामा आठ दिवस कुणाशी काही बोलले नाहीत. मग बोलायला लागले ते गार्गानेगाबद्दल.

गार्गानेगा हे सोआवेचं मुख्य द्राक्ष. लांब सैलसर घड, पिकलं की सोन्यासारखं पिवळं. दुसरं त्रेब्बियानो, ते थोडं आंबट, गार्गानेगाच्या सोबतीला घ्यायचं. डोंगरावरच्या काळ्या मातीतली दारू खरी, खाली सपाटीवरची पाणचट. रंग गव्हाच्या काडीचा, वास पांढऱ्या फुलांचा, आणि गिळल्यावर जिभेच्या मागे कडू बदामाची एक चव. सपाटीवरचे लोक आपल्या पाणचट मालाला सोआवे म्हणून विकतात याचा त्या कैद्याला भयंकर राग होता. तो राग मामांनी जसाच्या तसा घरी आणला होता. बैलाला पाणी पाजता पाजता ते सपाटीवरच्या लोकांना शिव्या द्यायचे, आणि आमच्या गावाच्या सपाटीवर राहणारे लोक उगीच तोंड पाडून बसायचे.

मामांना सगळ्यात आवडायची ती गोड दारूची गोष्ट. तिकडे उत्तम घड निवडून बोरूच्या चटयांवर पसरतात आणि माळ्यावर अख्खा हिवाळा सुकवतात, सुरकुतल्यावर मग त्याचा रस काढतात. हे ऐकून आमच्या गावाने एकमेकांकडे पाहिलं. आम्ही तरी मोहफुलांचं दुसरं काय करतो?

"म्हंजे ते आपलेच सोयरे हायेत गा," एक म्हातारा म्हणाला होता. "लढाईत कसे सापडले बिचारे?"

"फुलं वेचाचे दिवस आले असतीन," दुसरा म्हणाला. "पोरं घराकडं पाहून राह्यली असतीन. ध्यान नाई राह्यलं."

इटली लढाई का हरली, याचं आमच्या गावापुरतं उत्तर हे असं ठरलं.

मी लग्न होऊन गेले तोवर प्रकरण पुष्कळ पुढे गेलं होतं. डोंगरावरच्या मोहाच्या झाडांना लोक सर्रास गार्गानेगा म्हणत, नाल्याकाठच्यांना त्रेब्बियानो. एका बाईने आपल्या टोपलीत खाली नाल्याची फुलं आणि वर डोंगराची घालून सगळी डोंगराची म्हणून दिली, तर तिच्यावर पंच बसले. मामांना साक्षीला बोलावलं. सोआवेच्या डोंगरावर असल्या लबाडीला काय शिक्षा असते, असं त्यांना विचारण्यात आलं. मामांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि एक कोंबडा असं सांगितलं. इटलीचा कायदा म्हणून सगळ्यांनी तो मानला आणि खाल्ला.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मामा पीत नव्हते.

परत आल्यापासून त्यांनी मोहाच्या थेंबाला तोंड लावलेलं नव्हतं. त्या कैद्याने बाटली पाठवायचं कबूल केलं होतं म्हणे. "या जिभेवर आता पह्यला घोट सोआवेचाच," मामा सांगायचे. "मोहानं जीभ जळते. मंग ते कडू बदामाचं समजत नाई." लग्न असो, पंडूमचा सण असो, सगळं गाव पानांचे दोने भरभरून पिऊन राहिलं असलं तरी मामा एका कडेला जीभ राखत बसायचे. न पिणारा माणूस आमच्याकडे नुसता विचित्र वाटत नाही, तो अपमान करतोय असं वाटतं. तरी लोकांनी चालवून घेतलं. अडलं ते माझ्या नणंदेपाशी.

तिच्यासाठी सिरोंच्याकडचा मुलगा सांगून आला. मुलगा बरा होता आणि तिला तो आवडला होता, जत्रेत दोनदा बोललीही होती त्याच्याशी. आता आमच्याकडे सोयरीक पक्की होते ती दोन्ही बापांनी एका दोन्यातून प्यायल्यावर. त्याआधी सगळं हवेत. मुलाचा बाप स्वतःच्या हाताने काढलेली मोहाची घेऊन आला, आणि मामा म्हणाले, थांबा, बाटली येऊ द्या.

"कोनती बाटली?"

"सोआवेची."

मग त्या माणसाला गार्गानेगापासून सगळं ऐकावं लागलं. तो भला गृहस्थ ऐकून परत गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा आला, पुन्हा ऐकून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा व्याही म्हणून हाक मारतानाच त्याचा आवाज चढला.

"इवाई, मी का जहर आणलो का? दुसऱ्या गावची एक पोरगी हाय आमच्या नजरेत. ह्या उन्हाळ्यात होते का नाई, तेवढं सांगा."

"बाटली आली का होते," मामा म्हणाले.

त्या दिवशी मला इतका संताप आला की मी भाकरी जाळली आणि तीच मामांना वाढली. त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली, त्यामुळे संताप आणखी वाढला. नणंद मागच्या अंगणात बसून रडत होती. ती आणि मी एका ताटात जेवून वाढलेल्या, तिचं रडणं मला बघवत नव्हतं. मी तिला म्हटलं, "वयनीचं ऐक. इटलीहून येत नाई तं आपण काढू."

तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. "मले येते," ती म्हणाली. "रोज तं सांगते बाबा."

खरंच होतं ते. कशी दिसते, कसा वास येतो, गिळल्यावर काय होतं, हे तिला तोंडपाठ होतं. तिने फक्त डोंगरावरची फुलं घेतली. चटईवर, घरातच, सावलीत सुकवली. दारू पहिल्या धारेची काढली आणि झऱ्याचं पाणी घालून नरम केली. काडीचा रंग यावा म्हणून पळसाच्या फुलाची एक पाकळी बुडवून लगेच काढली. आंबटपणाला आवळा, बदामाला ठेचलेली चारोळी. बदामाचा कडूपणा येईना म्हणून कडुनिंबाची काडी एकदाच फिरवली.

चव पाहायला गावातले जाणते लोक गुपचूप येऊन गेले. खरी सोआवे कुणीच प्यायलेली नव्हती, त्यामुळे प्रत्येकाचं मत ठाम होतं. एक म्हणाला, त्रेब्बियानो जास्त झाली. दुसरा म्हणाला, हे सपाटीचं लागते. नणंद पुन्हा पुन्हा गाळत बसली. शेवटी दोन म्हातारे इतके प्यायले की त्यांना इटली दिसायला लागली, तेव्हा माल पास झाला असं आम्ही समजलो.

जंगलातल्या डाकबंगल्यावरून एका साहेबाची रिकामी हिरवी बाटली मिळाली. माझा नवरा चारोळी विकायला चांद्याला गेला तेव्हा ती भरून घेऊन गेला आणि तीच परत घेऊन आला. त्याला खोटं बोलता येत नाही. बापाने विचारलं, कुणी दिली? तर म्हणाला, स्टेशनमास्तरनं. जहाजातून आली, जहाज बुडता बुडता राह्यलं, स्टेशनमास्तर स्वतः समुद्रावर गेल्ता. मी दाराआडून त्याला डोळे वटारले तेव्हा कुठे थांबला. मामांनी बाटली हातात घेतली, उन्हात धरून पाहिली आणि एवढंच म्हणाले, "इवायले सांगावा धाडा."

सोयरे आले. अंगण सारवून ठेवलं होतं. सगळं गाव जमलं होतं आणि सगळ्या गावाला माहीत होतं. व्याह्यांना मात्र माहीत नव्हतं. ते बिचारे चेहरा पाडून बसले होते, परदेशातलं काय प्यावं लागणार या धास्तीने. मामांनी बूच काढलं, बाटली नाकाशी धरली आणि तशीच थोडा वेळ धरून ठेवली. मग पळसाच्या दोन्यात ओतली. रंग अगदी काडीचा आला होता. मला नणंदेचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

आणि मग गावच्या गायताने एकदम तोंडावर हात मारला. गायता म्हणजे आमच्या देवाधर्माचं पाहणारा म्हातारा. चव पाहायला येणाऱ्यांत तोही होता, आणि सगळ्यांना ध्यानात यायला हवी होती ती गोष्ट त्याला आत्ता आठवली. आमच्याकडे कुणी तसंच पीत नाही. अगोदर घरच्या मेलेल्यांचं नाव घेऊन थोडी भुईवर सोडायची, त्यांची झाली की मग आपली. मामांना फसवायला गाव तयार होतं. पुरख्यांना, त्या मेलेल्यांना, फसवायचं कुणी ठरवलं नव्हतं.

गायता उठला, बसला, पुन्हा उठला. "मंग पुरख्यायसाठी येगळी सोडा ना," तो चाचरत म्हणाला. "त्यायले इटलीची कायले? त्यायले सवय नाई."

"त्यायनं बी चाखली पायजे," व्याही म्हणाले. आपल्याबरोबर आणखी कुणी पितंय याचा त्यांना आधार वाटला असावा.

मामांनी दोना हातात घेतला आणि भुईकडे वाकले. तेवढ्यात नणंद घरातून धावत बाहेर आली. त्या वेळी मुलीने सोयऱ्यांसमोर यायचं नसतं. मी तिचा पदर धरला, तो माझ्या हातातून सुटला.

"बाबा, थांब," ती म्हणाली. "ते इटलीची नोहे. आपली मोहाची हाय, मीच काढली. माह्या मायले खोटं नोको सांगू."

पुढचं मला अजून स्वच्छ आठवतं. मोडली सोयरीक, एवढंच माझ्या मनात आलं, आणि मीच हे डोक्यात घातलं म्हणून मी माझ्यावरच चरफडत होते. फक्त व्याह्यांचा चेहरा उजळला होता.

"मोहाची हाय?" ते म्हणाले. "मंग आंदी काऊन नाई सांगतलं बापा!"

मामा मुलीकडे बघत होते. "माहीत हाय मले," ते म्हणाले. "बूच काढलं तवाच वास आला."

"माहीत असून बी प्याले बसले ना तुमी?" मी म्हणाले. सून म्हणून गप्प बसायला हवं होतं, पण माझ्याच्याने राहवलं नाही. "मोहाचीच प्याची होती तं इतकी वर्षं काऊन नाई पेले, मामा? तिचं लगन अडलं ना ह्या जिभेपायी!"

मामांनी दोना दोन्ही हातांनी धरला.

"जिभेचं काई नाई, पोरी," ते म्हणाले. "प्याची म्हटली का आंदी तिच्या नावानं सोडा लागते. मी भोपाळले निघालो तवा तुही मामी दारात उभी होती. म्या तं तेवढंच पाह्यलं. माह्या हातानं भुईवर सोडली, का मंग ते मेलीच ना."

नणंद खाली बसली. मामांनी एक हात तिच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्या हाताने दोना कलता केला आणि मामीचं नाव घेतलं. मी त्या घरात आल्यापासून ते नाव त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माती ओली झाली, मग ओल दिसेनाशी झाली. मग ते प्यायले आणि दोना त्यांनी व्याह्यांच्या हातात दिला.