चष्म्यातला बाक

उजवा डोळा आतून खराब होत होता आणि मी महिनाभर चष्मेवाल्याशी भांडत बसलो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी अंबरनाथला, मोरिवलीच्या बाजूच्या एका कारखान्यात सळया तपासायचो. मशीनमधून सरळ होऊन आलेली सळई उचलायची, डावा डोळा मिटायचा, उजवा टोकाला लावायचा आणि बंदुकीचा नेम धरल्यासारखं तिच्या अंगावरून बघायचं. केसाएवढा बाकही मला कळतो, अशी माझी ख्याती होती. निदान मी तरी सगळ्यांना तसं सांगत असे.

एक दिवस प्रत्येक सळईला मधोमध पोक दिसायला लागलं. मी ढीगच्या ढीग नापास केला. मशीनवरचा गडी म्हणाला, "साहेब, घरनं भांडून आलात काय?"

घरी सगळं ठीक होतं. नवा होता तो फक्त चष्मा. लहानपणापासून माझा नंबर मोठा, बाटलीच्या बुडासारख्या काचा. त्या कायम उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एकाच सिंधी दुकानदाराकडून. लग्नात मला नवरी नीट दिसली ती त्याच्याच कृपेनं. आणि त्याच माणसानं मला फसवावं! भर गिऱ्हाइकांत मी काच वाकडी म्हणून ओरडलो.

त्यानं ती उजेडात धरली. "साईं, काच एकदम बराबर आहे. डाक्टरला दाखव ना एकदा."

अंग काढून घेतोय, दुसरं काय! मी नवी काच मागितली. त्यानं मुकाट्यानं बनवून दिली. सळया वाकड्याच. मग तो म्हणाला, जुना चष्मा घालून बघ. मी तिथंच घातला आणि समोरच्या दुकानाचं शटर बघितलं. सगळ्या रेघा सरळ! "बघ, पकडली की नाही लबाडी?" म्हटलं. कारखान्यात मी एका डोळ्यानं बघतो आणि दुकानात दोन्ही डोळ्यांनी, हे माझ्या तरबेज डोक्यात आलंच नाही. त्या दिवशी त्यानं चहा विचारला नाही.

पुढच्या रविवारी बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या घरी, कुशीवर लोळत टीव्ही बघत होतो. डावा डोळा उशीत. बातम्या देणाऱ्या बाईचे केस होते, कान होते, खांद्यावरचा पदर होता. चेहऱ्याच्या जागी करडा डाग.

"अगं, हिचं नाक गेलं! अँटेना फिरलीय वाटतं."

"मला दिसतंय की," बायको म्हणाली. "चांगलं चाफेकळी आहे. तुम्ही आधी उशीतून तोंड काढा."

काढलं. नाक आलं. पुन्हा खुपसलं, गेलं. आणि माझ्या नाकावर चष्मा होता जुना. म्हणजे काचेचा दोष नव्हताच.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी शिरेतून पिवळं औषध सोडून पडद्याचे फोटो काढले. म्हणाले, "मोठ्या नंबरामुळे डोळा मागं ताणला जातो. पडद्याच्या मधोमध, खालच्या बाजूनं, नको त्या रक्तवाहिन्या उगवल्यात. नाजूक असतात, झिरपतात. त्यानं पडदा उचलला जातो, म्हणून सरळ रेघ वाकते. मग रक्त साचतं आणि मधलंच दिसेनासं होतं. कडेचं राहतं."

"लेझर?"

"केंद्रापासून लांब असत्या तर जाळल्या असत्या. आता ऐन केंद्राखाली आल्यात, जाळायला गेलो तर नजरच जळेल. वाकडं कधीपासून दिसतंय?"

मी सांगितलं.

"मग महिनाभर काय करत होतात?"

दगा देणारा शोधत होतो कॅम्प दोनमध्ये, आणि दगा दिला माझ्याच रक्तानं. डाव्यानं तर कमाल केली. भावाच्या भानगडी घरच्यांपासून लपवाव्यात तसं उजव्याचं सगळं झाकत राहिला, मला पत्ता लागू दिला नाही. आता त्याच लबाडावर भिस्त. डॉक्टरांनी चौकोनी रेघांचा कागद दिला: उजवा झाकून डाव्यानं रोज बघायचं, रेघ वाकली की धावत यायचं. कारखान्यानं मला सळयांवरून उचलून स्टोअरमध्ये बसवलं.

शेवटी चष्मेवाल्याकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यानं चहा मागवला.

"साईं," तो म्हणाला, "आँख तर आत्ता खराब झाली. भेजा पहिल्यापासून होता."