काळ्या चष्म्याची पारख

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. माझ्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून मांसाचा पापुद्रा बुबुळाकडे सरकत चालला होता. अंबडच्या डॉक्टरने सांगितलं, "उन्हानं आणि धुळीनं वाढतंय. रानात चष्मा लावा. बुबुळावर आलं तर दिसणार नाही." मी कापूस वेचणारी बाई. बोंडच दिसलं नाही तर मजुरी कसली? चष्मा घ्यायचा ठरवला.

सासू म्हणाली, "काळा चष्मा लावून वेचणीला जाती व्हय? पिक्चरातली बाई झालीस का?"

"आत्याबाई, मी आंधळी झाल्यावर भाकरी तुमी थापणार का?"



जुन्या जालन्यात धान्याच्या आडतीसमोर एकजण हातगाडीवर चष्मे विकायचा. नवऱ्याने सगळ्यात काळा उचलला. "ह्यो घे. सूर्याकडं बघितलं तरी काय व्हणार न्हाई."

सूर्याकडे बघायला मी खुळी नव्हते. तो चष्मा लावून मी आडतीसमोर सांडलेली ज्वारी मुठीत घेतली. दाणा कोणता आणि खडा कोणता, कळेना. परत ठेवला. हिरव्या चष्म्यातून खडे दिसले, पण मान हलवली की दुकानाची सरळ चौकट पाण्यातल्या काठीसारखी वाकायची. असल्या काचेने दुपारपर्यंत डोकं दुखणार. तोही ठेवला. मग तपकिरी लावला. खडा वेगळा दिसला, चौकट सरळ राहिली. काचा रुंद होत्या, बाजूने ऊन शिरत नव्हतं.

विकणारा वैतागला. "बाई, चष्मा घेताय का जवारी निवडताय?"

"निवडतेच हाय. तुमच्या मालात खडे लई."

आता नातवाच्या चष्म्यावर सूर्याचे किरण अडवतो म्हणून चिठ्ठी चिकटवलेली असते. ती बघूनच घ्यावा. तेव्हा चिठ्ठी नव्हती, माझी मूठभर ज्वारी होती.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून रानात गेले, तर माझ्या शेजारच्या दोन्ही ओळी रिकाम्या झाल्या. आमच्याकडे काळा चष्मा लावायचा तो डोळे आलेल्या माणसाने. त्याच्या डोळ्यात बघितलं की आपलेही येतात, अशी सगळ्यांची खात्री. पाणी प्यायला गेले तर एकीने लांबूनच माझ्या ओंजळीत धार धरली.

"घरी जा बाई. आमची लेकरंबाळं हायत."

मी चष्मा काढला. "बघा, लाल हायत का?"

बघणार कोण? साऱ्यांनी पदर तोंडावर ओढले. वेचणीवर देखरेख करणारी बाई म्हणाली, "त्यो चष्मा ठिवून ये, न्हाई तर उद्या येऊ नको. तुझ्यापायी समद्या बाया पळून जातील."

डोळा राखावा तर मजुरी जाते, मजुरी राखावी तर डोळा. मी चष्मा परत लावला आणि वेचायला लागले. हाकलायचं तर हाकला.

तेव्हा पलीकडच्या ओळीतून सासू आली. ओटीतला कापूस सावरत तिने माझा चष्मा ओढून काढला आणि स्वतःच्या नाकावर चढवला.

"मी हिच्या ताटाला ताट लावून जेवती. माझे आले का डोळे? न्हाई ना? मंग?" मग तिने रानाकडे बघितलं. "अगं माय! कापूस किती थंडगार दिसून राह्यला!"

झालं. पदर खाली आले. मला बघू दे, मला बघू दे, म्हणत चष्मा या नाकावरून त्या नाकावर फिरला. देखरेखीच्या बाईनेही लावून बघितला. शेवटी तो पुन्हा सासूकडे गेला आणि तिथेच राहिला. ती चष्मा लावून निवांत वेचत होती आणि मी डोळे चोळत होते.

"आत्याबाई, द्या इकडं."

"थांब की जरा."

"डोळा माझा हाय."

तिने कुरकुरत दिला. काचांवर सगळ्यांची बोटं उमटली होती. पदराने पुसल्या तर धुळीने चरे पडतात, म्हणून ओंजळभर पाण्याने धुतल्या आणि माझी ओळ पुरी केली.

पापुद्रा अजून आहे, बुबुळाच्या कडेलाच थांबलेला. सुईत दोरा माझा मीच ओवते.