दोन घड्याळं

दुपारी आम्ही दोघं भाऊ वलवणच्या घरी आलो, तर विसरभोळे झालेले वडील घरात नव्हते. फोन लागेना. फाटकावरच्या कॅमेऱ्यात ते बारा वाजता बाहेर पडताना दिसले. राउटरच्या नोंदीत मात्र त्यांचा मोबाईल पहाटे चारलाच वायफायवरून सुटला होता.

"राउटरचं घड्याळ बिघडलंय," धाकटा म्हणाला. बाराला निघालेले लांब गेले नसतील म्हणून आम्ही जवळपासच शोधत राहिलो.

शेवटी शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आबा व्हय? साडेनवालाच धरणाकडं गेलते की."

कॅमेरा चीनच्या वेळेवर होता, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे; राउटर ग्रीनिचच्या, साडेपाच तास मागे. दोन्हींचा अर्थ साडेनऊच होता.

संध्याकाळी वडील पाण्याच्या कडेला सापडले. तासाभरापूर्वीच प्राण गेला असावा, असं डॉक्टर म्हणाले. धाकट्यानं त्यांचे चिखलानं माखलेले पाय धुतले. मला जवळ जाववेना.