नंदीकाठी आणि मागचं बेअरिंग

कान गेल्यावर मी देवळात जाणंच सोडलं. रुसवा म्हणा हवं तर. कमलनगरात माझं छोटं गॅरेज आहे आणि माझं सगळं नाव कानावरचं. जुन्या मोटारीचा गिअरबॉक्स घरघरायला लागला की पेचकसाचं टोक त्याला टेकवायचं, त्याची मूठ कानाला लावायची आणि आतल्या शाफ्टचं कोणतं बेअरिंग झिजलंय ते न उघडता सांगायचं. त्यासाठी लोक बीदरहून गाड्या आणायचे. मग कानातली बारीक हाडं आखडत गेली. डॉक्टरांनी मशीन दिलं, पण ते लावून गॅरेजात उभं राहिलं की सगळा गोंगाट एकदमच डोक्यात शिरायचा, म्हणून ते डबीत गेलं. मी पंक्चर काढायला आणि ऑइल बदलायला लागलो. देवळातल्या वीरभद्रावर माझा राग होता, आणि तो मी लपवलाही नाही.

श्रावणात संतपूरचे शिवराज अण्णा आपल्या वडिलांची जुनी पेट्रोल गाडी घेऊन आले. वडिलांना, म्हणजे अप्पांना, आता पायी चालवत नाही. रोज सकाळी या गाडीतून बांधापर्यंत जायचं, बसल्या जागेवरून सोयाबीन बघायचं आणि परत यायचं, एवढाच त्यांचा दिवस. दुसऱ्या गाडीत पाय ठेवायला तयार नाहीत. गिअरबॉक्स ओरडत होता. मी कानाकडं बोट दाखवून म्हणालो, बहिऱ्यापुढं गाणं कशाला? पण अण्णा हटले नाहीत. त्या शाफ्टला पुढं एक आणि मागं एक बेअरिंग असतं. इतकी वर्षं बसलेलं बेअरिंग पुलरनं ओढलं की चांगलं असलं तरी कामातून जातं. हैदराबादच्या जुन्या बाजारात शोधून एखादं मिळालं असतं, दोन्ही मिळणं कठीण. अंदाज चुकला तर गाडी कायमची अंगणात आणि अप्पा खाटेवर. मी गाडी झाकून ठेवली आणि नकार कसा द्यावा याचा विचार करत राहिलो.

सोमवारी वीरभद्राची मिरवणूक होती. घरची माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला ओठ वाचता यावेत म्हणून ती हल्ली सावकाश बोलते. "कान गेल्यात, पाय न्हाई गेले. चला," म्हणाली. मी तोंड वाकडं करून गेलो. हलगीवाले बेभान होऊन वाजवत होते आणि मला नुसते त्यांचे हात दिसत होते. असं मुक्यानं बघत उभं राहणं फार वाईट असतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

आसपासच्या गावांच्या नंदीकाठ्या आल्या होत्या. उंच बांबू, त्याला रंगीत कापड, वर पितळी नंदी आणि घंटा. काठी कमरेला बांधून नाचवत आलेला एक अनोळखी माणूस माझ्यापाशी थांबला, त्यानं पट्टा सोडला आणि काही कळायच्या आत काठी माझ्या हातात दिली. पाण्याची खूण करून तो गेला. काठी झुकायला लागली. पडली तर देवाचा अपमान आणि खालच्या माणसांची डोकी फुटणार. मी दोन्ही हातांनी कवटाळली, गाल लावला, शेवटी जोर काढताना दात बांबूत रुतले. आणि घंटा वाजल्या. माझ्या डोक्यात, लख्ख. पाठोपाठ हलगीचा ठेका आला. काठी सोडून द्यावी की मिठी मारावी, काही सुचेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

तो माणूस परत आला, माझ्याकडं बघत राहिला. "देव जड हाय अण्णा," एवढं त्याच्या ओठांवर वाचता आलं. काठी घेऊन तो गर्दीत गेला. नंतर मी चौकशी केली. प्रत्येक गाववाला म्हणाला, तो आमचा नव्हे. असेल कुठला तरी. मी त्यावर वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी शिवराज अण्णांना बोलावलं. मागची चाकं जॅकवर उचलली, गिअरबॉक्सवरची आतली फळी काढली आणि गाडी गिअरमध्ये चालू ठेवायला सांगितली. कानाची वाट बंद असली तरी दातांच्या हाडातून आवाज आत पोचतो, हे काठीनं दाखवलं होतं. हातोड्याचा बाभळीचा दांडा काढून एक टोक दातात धरलं, दुसरं गिअरबॉक्सच्या पुढच्या अंगाला टेकवलं. आवाज एकसारखा, गुळगुळीत. मागं सरकवलं, तर ज्वारी भरडल्यासारखी खरखर. मागचंच. अण्णा मी दांडा चावतोय ते बघून घाबरले होते. आठवडाभरात हैदराबादहून ते बेअरिंग आलं. जुनं ओढून काढलं, तर गोळ्यांना चट्टे पडले होते. पुढच्याला हात लावायची गरज पडली नाही. नवं तेलात गरम करून शाफ्टवर सरकवलं, ते अलगद जाऊन बसलं. अप्पा आता रोज बांधावर जातात, आणि मी परत गिअरबॉक्स उघडायला लागलोय.

देवाकडं मी कान मागत होतो, रोज, भांडून. तेवढं एक मागणं धरून बसलो नसतो, तर तो काय द्यायलाय हे कदाचित आधी दिसलं असतं. आता मी त्याच्यापुढं नुसता उभा राहतो.

दांड्यानं गिअरबॉक्स ऐकला त्या संध्याकाळी घरी येऊन मी सगळं सांगितलं. घरचीचा विश्वास बसेना. मी दांडा दातात धरून दुसरं टोक तिच्या गळ्याला टेकवलं आणि बोल म्हणून खुणावलं. ती लाजली, तिनं दाराकडं बघितलं. मग म्हणाली, "भाकरी निवायल्यात, जेवून घ्या."

तिचा आवाज थोडा घोगरा आहे, हे मी विसरून गेलो होतो.