कुसुमताईंची आठवी कमांड

भूतखेत, करणी, संकेत... या सगळ्याची मी आयुष्यभर टिंगल केली. तरी हे लिहितोय, कारण ते माझ्याच कामाच्या बाबतीत घडलं.

साल १९८७. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना. एक मोठा कॉम्प्युटर, त्याला जोडलेले चार टर्मिनल. माझ्या सिनियर कुसुमताई रोज सकाळी चारही टर्मिनलवर आठ-आठ कमांड हाताने टाईप करायच्या. आम्ही येईपर्यंत जणू पानं वाढून तयार! आठव्या कमांडने आदल्या दिवसाच्या कामाची प्रत दुसऱ्या डिस्कवर जायची. त्यात दहा मिनिटं मोडत.

मी नवा, उतावळा. सगळ्या कमांड एका फाईलमध्ये घातल्या — लॉगिन केलं की आपोआप सगळं उघडणार. आठवी तेवढी गाळली.

"ते काहून काढलं गा?" ताईंनी विचारलं.

"डिस्क काय रोज उडते, ताई?"

ताई महिन्याभरात रिटायर झाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात माझा सहा महिने खपून केलेला प्रोग्राम साहेबांना दाखवायचा होता. माझी नोकरी पक्की होणं त्यावरच होतं. त्या सकाळी साडेआठला कंपनीच्या बसमधून उतरून खोली उघडली, तर डिस्क उडालेली! साहेब म्हणाले, दुसरी डिस्क बघ. बघितली... सगळं काम तिथे होतं, काल लिहिलेल्या शेवटच्या ओळीपर्यंत. प्रतीची वेळ आठ वाजून चार मिनिटं. तेव्हा खोलीला कुलूप होतं, ताई रिटायर झाल्यापासून किल्ली साहेबांकडे, आणि साहेब आमच्याच बसमध्ये. माझ्या फाईलचीही प्रत तिथे होती. उघडली, तर सातच ओळी, आठवी कमांड नव्हतीच.

काम दाखवून झालं, साहेब खूश झाले. संध्याकाळी ताईंच्या घरी नंदनवनला गेलो. दार त्यांच्या सुनेने उघडलं.

"आईले कालपासून ताप आहे," ती म्हणाली. "सकाळी आठले तर चादरीवर बोटं चालवून राहिल्या होत्या. मी हात धरला, तर म्हणे, थांब वं, पोराचं काम झाकून ठेवू दे."

ताईंना यातलं काहीच आठवत नव्हतं. मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "दाखवलं न काम? मग झालं."

पुढे सगळी नोकरी कॉम्प्युटरवरच काढली, पण याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. ताई रिटायर झाल्या त्या दिवशी निरोप घ्यायला माझ्या टेबलाशी आल्या होत्या, आणि मी स्क्रीनवरून मानही वर केली नव्हती. ते आठवलं की आजही गलबलून येतं.